संयुक्त कंट्रोलातील अंतर्गत घटक आणि रचनाकाळातील त्यांची निवड

१. प्रश्नाचे स्वरूप

दृश्य पद्धतीने प्रोग्राम रचण्याची साधने तीन दशकांहून अधिक काळ प्रचारात आहेत. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक १९९१ साली, बोरलँड कंपनीचे डेल्फी १९९५ साली आणि डॉटनेटच्या पहिल्या आवृत्तीबरोबर विंडोज फॉर्म्स २००२ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांमागील कल्पना एकच आहे. पडद्यावर एक कोरा फॉर्म मांडावयाचा, त्यावर बटन, लेबल, टेक्स्ट बॉक्स इत्यादी कंट्रोल ठेवावयाचे, ज्याचे गुणधर्म बदलावयाचे असतील त्यावर टिचकी मारून तो निवडावयाचा आणि बाजूच्या तक्त्यात हवी ती मूल्ये भरावयाची. या कामाच्या अवधीस येथे ‘रचनाकाळ’ म्हटले आहे. प्रोग्राम प्रत्यक्ष चालू असतो तो अवधी म्हणजे ‘चालनकाळ’.

अशा व्यवस्थेत तीन व्यक्तींचा संबंध येतो. कंट्रोल निर्माण करणारा तो घटककर्ता, त्या कंट्रोलांतून फॉर्म जुळविणारा तो रचनाकर्ता, आणि तयार प्रोग्राम हाताळणारा तो वापरकर्ता. प्रस्तुत प्रश्न पहिल्या दोघांमधील आहे.

समजा, एका घटककर्त्याने लेबल, टेक्स्ट बॉक्स आणि बटन एकत्र करून एक संयुक्त कंट्रोल तयार केला. रचनाकर्ता तो आपल्या फॉर्मवर ठेवतो. लेबलावर ‘पूर्ण पत्ता’ असा मजकूर द्यावयाचा आहे. परंतु लेबलाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली असल्यामुळे देवनागरीतील रफार वरून आणि उकार खालून कापले जातात. रचनाकर्ता लेबलाची उंची वाढविण्यासाठी त्यावर टिचकी मारतो. निवडला जातो तो मात्र संपूर्ण संयुक्त कंट्रोल. पुन्हा प्रयत्न केला तरी तेच घडते. डोळ्यांना स्पष्ट दिसणारे लेबल डिझायनरच्या लेखी जणू अस्तित्वातच नाही.

ही साधनांतील चूक आहे असे प्रथमदर्शनी वाटते. तसे ते नाही. दिसणे, निवडता येणे आणि जतन होणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीची जबाबदारी वेगळ्या यंत्रणेकडे आहे. या तिन्हींची गल्लत झाली म्हणजे रचनाकर्त्याने केलेले काम फाइल बंद करताच नाहीसे होण्यापर्यंत मजल जाते. म्हणून हे तीन धागे सुटे करून पाहणे आवश्यक आहे.

२. पालकत्व आणि स्वामित्व

डेल्फीच्या दृश्य घटकांच्या संग्रहात प्रत्येक कंट्रोलाचे दोन संबंध नोंदलेले असतात. ‘पेरेंट’ म्हणजे पालक. कंट्रोल पडद्यावर ज्याच्या चौकटीत चितारला जातो तो. ‘ओनर’ म्हणजे स्वामी. स्वतः नष्ट होताना त्या कंट्रोलासही नष्ट करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो. पालकत्व हा दृश्य संबंध आहे, तर स्वामित्व हा आयुर्मर्यादेचा. फॉर्मवर एक पॅनेल आणि पॅनेलमध्ये एक बटन असेल तर बटनाचा पालक पॅनेल होय. स्वामी मात्र फॉर्मच.

हा भेद नवशिक्या घटककर्त्यास अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नाचे मूळ नेमके येथेच आहे. डिझायनर निवडीसाठी स्वामित्व पाहतो, पालकत्व नव्हे. ज्या घटकाचा स्वामी प्रत्यक्ष फॉर्म आहे तो निवडता येतो. संयुक्त कंट्रोल आपल्या अंतर्गत लेबलाची निर्मिती करतो तेव्हा स्वाभाविकपणे स्वतःसच त्याचा स्वामी नेमतो. टिचकी लेबलावर पडली तरी डिझायनर पालकांच्या साखळीने वर चढत जातो आणि फॉर्म ज्याचा स्वामी आहे असा पहिला कंट्रोल गाठून तोच निवडतो.

जतन करण्याची क्रियाही याच तत्त्वावर चालते. फॉर्म फाइलमध्ये लिहिला जात असता प्रत्येक कंट्रोलास ‘गेटचिल्ड्रन’ या पद्धतीद्वारा त्याच्या अपत्यांची यादी विचारली जाते. मूळ व्यवस्थेत ही पद्धती सर्व अपत्ये सांगत नाही. ज्यांचा स्वामी मूळ फॉर्म आहे तेवढीच सांगते. म्हणून अंतर्गत लेबल निवडता येत नाही आणि लिहिलेही जात नाही. या दोन्ही गोष्टी परस्परांशी सुसंगत आहेत. संयुक्त कंट्रोल प्रत्येक वेळी आपले लेबल स्वतः निर्माण करणारच असेल, तर ते फाइलमध्ये पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन राहत नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंट्रोलाच्या शैलीत ‘सीएस-ॲक्सेप्ट्स-कंट्रोल्स’ ही खूण घातली की प्रश्न सुटतो, असे अनेकांस वाटते. या खुणेचा अर्थ इतकाच की रचनाकर्त्याने बाहेरून आणलेले कंट्रोल हा आपल्या पोटात घेऊ शकेल. बाहेरून आलेल्यांचा स्वामी फॉर्म असल्याने ते निवडता येतात व जतनही होतात. घटककर्त्याने आधीच आत बसविलेल्या लेबलाच्या स्थितीत मात्र या खुणेने काहीही फरक पडत नाही.

३. डेल्फीतील तीन मार्ग

पहिला मार्ग सरळ दिसतो, परंतु तोच सर्वांत धोक्याचा आहे. निवड स्वामित्वावर अवलंबून आहे ना, मग लेबलाचे स्वामित्व फॉर्मकडेच द्यावे. असे केल्यास लेबल तत्काळ निवडता येऊ लागते. आता फॉर्म जतन करून बंद केला आणि पुन्हा उघडला, तर काय घडते ते पाहावे. लेबलाचा स्वामी फॉर्म असल्यामुळे ते फाइलमध्ये लिहिले गेलेले असते. फाइल वाचताना प्रथम संयुक्त कंट्रोल निर्माण होतो. त्याचा कन्स्ट्रक्टर नेहमीप्रमाणे एक लेबल तयार करतो. त्यानंतर वाचक यंत्रणा फाइलमधील नोंदीवरून दुसरे लेबल तयार करते. कन्स्ट्रक्टरने लेबलास ठराविक नाव दिलेले असेल तर त्या नावाचा घटक आधीच अस्तित्वात असल्याची चूक दाखविली जाते. दिलेले नसेल तर एकावर एक अशी दोन लेबले फॉर्मवर उभी राहतात, आणि रचनाकर्त्याने केलेले बदल कोणत्या लेबलात आहेत हे ओळखणे त्यालाही कठीण जाते. कन्स्ट्रक्टर चालतो त्या क्षणी ‘फाइलमधून वाचन चालू आहे’ ही खूण त्या घटकावर अद्याप उमटलेली नसते. त्यामुळे केवळ स्वतःची स्थिती तपासून हा दोष टाळता येत नाही. याशिवाय, लेबल निवडता येते म्हणजे रचनाकर्ता ते खोडूही शकतो. तसे झाल्यास संयुक्त कंट्रोलाकडे उरलेला निर्देश नष्ट वस्तूकडे बोट दाखवीत राहतो. खोडल्याची वार्ता ‘नोटिफिकेशन’ या पद्धतीत ऐकून तो निर्देश रिकामा करणे हे मग घटककर्त्याचे कर्तव्य ठरते. सारांश, हा मार्ग स्वीकारणाऱ्याने निर्मिती, जतन आणि विनाश या तिन्ही अवस्थांची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली पाहिजे.

दुसरा मार्ग २००१ साली डेल्फीच्या सहाव्या आवृत्तीत उपलब्ध झाला. स्वामित्व संयुक्त कंट्रोलाकडेच ठेवावयाचे, लेबल एका प्रसिद्ध गुणधर्माच्या रूपाने उघड करावयाचे आणि ‘सेट-सब-कॉम्पोनंट’ ही पद्धती वापरून ते उपघटक असल्याचे जाहीर करावयाचे. असे केल्यावर गुणधर्मांच्या तक्त्यात लेबलापुढे विस्ताराची खूण दिसते, त्याखाली लेबलाचे स्वतःचे गुणधर्म उलगडतात, आणि त्यांची बदललेली मूल्ये संयुक्त कंट्रोलाच्या नोंदीचाच भाग म्हणून लिहिली जातात. ही घोषणा केली नाही तर तो गुणधर्म दुसऱ्या एखाद्या घटकाकडे केलेला केवळ निर्देश समजला जातो आणि आतील मूल्ये जतन होत नाहीत. त्याच आवृत्तीत आलेला ‘टी-लेबल्ड-एडिट’ हा कंट्रोल या मार्गाचा नमुना होय. त्याचे ‘एडिट-लेबल’ अशाच पद्धतीने उघड केले आहे. पत्त्याच्या उदाहरणातील रचनाकर्त्याची अडचण या मार्गाने निवारते. त्यास लेबलाची उंची हवी होती. ती तक्त्यातून मिळाली. लेबलावर टिचकी मारण्याचा त्याचा आग्रह मूळ गरजेचा भाग नव्हता, हे येथे लक्षात येते.

तिसरा मार्ग १९९९ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या ‘फ्रेम’चा आहे. फ्रेम म्हणजे स्वतंत्रपणे रचलेला, परंतु दुसऱ्या फॉर्मवर अंतर्भूत करता येणारा कंट्रोलांचा समूह. फॉर्मवर ठेवलेल्या फ्रेममधील घटक निवडता येतात व त्यांचे गुणधर्म बदलता येतात. खोडता मात्र येत नाहीत. फाइलमध्ये संपूर्ण फ्रेम लिहिली जात नाही. ती ‘इनलाइन’ या शब्दाने नोंदविली जाते आणि मूळ रचनेहून जे वेगळे असेल तेवढेच लिहिले जाते. मूळ फ्रेम पुढे सुधारली तर जे गुणधर्म बदललेले नाहीत त्यांच्यात ती सुधारणा आपोआप उतरते. पहिल्या मार्गातील द्विरुक्तीचा दोष येथे उद्भवत नाही, कारण आतील घटक कोणी निर्माण करावयाचे याचा निर्णय यंत्रणेनेच केलेला असतो.

४. विंडोज फॉर्म्समधील ‘साइट’

विंडोज फॉर्म्समध्ये स्वामित्वाची जागा ‘साइट’ या कल्पनेने घेतली आहे. रचनाकाळात डिझायनर हा घटकांचा एक संग्रह बाळगतो. घटक या संग्रहात दाखल झाला की त्यास एक साइट मिळते. तीत त्याचे नाव, त्याचा संग्रह आणि सध्या रचनाकाळ चालू असल्याची खूण असते. साइटबरोबरच त्या घटकास त्याचा स्वतःचा डिझायनर-साहाय्यक लाभतो. ज्यास साइट नाही तो दिसतो, परंतु निवडता येत नाही.

घटककर्त्याने ‘यूझर-कंट्रोल’ तयार केला व रचनाकर्त्याने तो फॉर्मवर ठेवला, तर साइट फक्त यूझर-कंट्रोलास मिळते. त्यातील लेबल, टेक्स्ट बॉक्स इत्यादी घटक सामान्य प्रोग्राम चालल्याप्रमाणे कन्स्ट्रक्टरमधून निर्माण झालेले असतात व संग्रहाबाहेरच राहतात. आतील लेबलाची दृश्यमानता ‘पब्लिक’ केल्याने ते प्रोग्रामच्या मजकुरातून गाठता येते. डिझायनरमध्ये त्याची स्थिती बदलत नाही. वारसाने आलेल्या फॉर्मची गोष्ट निराळी. तेथे मूळ फॉर्मवरील ‘पब्लिक’ वा ‘प्रोटेक्टेड’ घटक निवडून बदलता येतात व ‘प्रायव्हेट’ घटक केवळ पाहता येतात. वारसा आणि समावेश हे दोन संबंध वेगळे असल्यामुळे एकाचे नियम दुसऱ्यास लागू पडत नाहीत.

समाविष्ट घटकास साइट मिळवून देण्याची अधिकृत पद्धती २००५ साली डॉटनेटच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. घटककर्त्याने आपल्या कंट्रोलासाठी एक डिझायनर-वर्ग लिहावा, ‘डिझायनर’ या विशेषणाने तो कंट्रोलाशी जोडावा, आणि त्याच्या ‘इनिशियलाइझ’ पद्धतीत ‘एनेबल-डिझाइन-मोड’ ही पद्धती वापरून आतील कंट्रोल व त्याचे नाव कळवावे. यामुळे आतील कंट्रोल एका नेस्टेड, म्हणजे पोटसंग्रहात दाखल होतो आणि निवडयोग्य बनतो. त्याच आवृत्तीत आलेल्या ‘स्प्लिट-कंटेनर’ची दोन पॅनेले याच मार्गाने रचनाकर्त्याच्या हाती येतात.

परंतु येथेच सर्वांत घातक फसगत होते. ‘एनेबल-डिझाइन-मोड’ने निवड मिळते, जतन मिळत नाही. आतील पॅनेल त्याच नावाच्या गुणधर्माद्वारे उघड केलेले असावे लागते आणि त्या गुणधर्मावर ‘डिझायनर-सीरियलायझेशन-व्हिजिबिलिटी’चे ‘कंटेंट’ हे मूल्य द्यावे लागते. ‘हिडन’, ‘व्हिजिबल’ आणि ‘कंटेंट’ अशी या विशेषणाची तीन मूल्ये आहेत. पहिल्याने गुणधर्म वगळला जातो, दुसऱ्याने त्याचे मूल्य लिहिले जाते, आणि तिसऱ्याने मूल्यरूप वस्तू न लिहिता तिच्या पोटातील बदल लिहिले जातात. घटककर्ता हे विशेषण विसरला तर रचनाकाळात सर्व काही सुरळीत भासते. पॅनेल निवडता येते, त्याचा रंग बदलता येतो, त्यावर कंट्रोल मांडता येतात. फॉर्म बंद करून पुन्हा उघडला की त्या पॅनेलवर केलेली मांडणी गेलेली असते. वाटेत कोठेही सूचना मिळत नाही. निवड मुळीच न मिळणे हे त्यामानाने सौम्य म्हटले पाहिजे. तेथे रचनाकर्ता फसत तरी नाही.

५. निवडणे आणि चालविणे

रचनाकाळातील टिचकीचे आणखी एक अंग आहे. टॅब असलेल्या कंट्रोलावर रचनाकर्ता दुसऱ्या टॅबवर टिचकी मारतो तेव्हा त्यास कंट्रोल निवडावयाचा नसतो. दुसरे पान पुढे आणावयाचे असते. म्हणजे टिचकी डिझायनरने न घेता कंट्रोलाने घ्यावी, अशी ही अपेक्षा आहे. डेल्फीत यासाठी ‘सीएम-डिझाइन-हिट-टेस्ट’ हा संदेश आहे. कंट्रोलाने त्यास होकारार्थी उत्तर दिले की माउसची क्रिया चालनकाळाप्रमाणे कंट्रोलाकडे जाते. विंडोज फॉर्म्समध्ये डिझायनर-वर्गातील ‘गेट-हिट-टेस्ट’ ही पद्धती तेच कार्य करते. दोन्हींत टिचकीचा बिंदू मिळत असल्यामुळे, कंट्रोलाचा केवळ टॅबांचा पट्टा जिवंत ठेवून उरलेला भाग निवडीसाठी राखता येतो.

सर्वत्र होकार देण्याचा मोह आवरला पाहिजे. कंट्रोल प्रत्येक बिंदूवर टिचकी स्वतःकडे घेऊ लागला तर तो स्वतःच निवडता येईनासा होतो. शिवाय या मार्गाने आतील घटक चालतो, निवडला जात नाही. निवडीचा प्रश्न या यंत्रणेने सोडवू पाहणे म्हणजे दरवाज्याचे काम खिडकीकडून करून घेणे होय.

६. समासाचा दृष्टांत

संयुक्त कंट्रोल किती उघडा ठेवावा, या प्रश्नावर भाषाशास्त्रातील एका निरीक्षणाने प्रकाश पडतो. मराठीत ‘पांढरी घोडागाडी’ म्हटले की पांढरेपणा गाडीस लागतो. विशेषणाचे लिंग गाडीप्रमाणे चालते. ‘पांढरा घोडागाडी’ असा प्रयोग करून पांढरेपणा समासातील घोड्यापर्यंत पोचविता येत नाही. घोड्याचे वर्णन करावयाचेच असेल तर समास मोडून ‘पांढऱ्या घोड्याची गाडी’ असे म्हणावे लागते. सर्वनामांचीही तीच कथा. ‘त्याने घोडागाडी आणली आणि त्याला चारा घातला’ या वाक्यात ‘त्याला’ हे सर्वनाम घोड्यास सुखाने लागत नाही. पॉल पोस्टल यांनी १९६९ साली अशा शब्दांना ‘अनाफोरिक बेटे’ म्हटले, ते या अर्थाने. समासाचा घटक ऐकू येतो, त्याचा अर्थही कळतो, परंतु वाक्यातील बाह्य व्यवहारास तो उपलब्ध नसतो.

याउलट ‘मदत करणे’ हा संयोग पाहावा. अर्थाच्या दृष्टीने ती एकच क्रिया आहे. तरीही ‘त्याने मोठी मदत केली’ या वाक्यात विशेषण आतील ‘मदत’ या स्त्रीलिंगी नामापर्यंत पोचते व क्रियापदही त्या नामाशी जुळते. हा संयोग उघडा आहे.

पहिला प्रकार नेहमीच्या यूझर-कंट्रोलासारखा आहे. दुसरा फ्रेमसारखा किंवा निवडयोग्य केलेल्या पॅनेलासारखा. दृष्टांताची मर्यादाही सांगितली पाहिजे. भाषेत कोणता संयोग बंद व कोणता उघडा हे वक्ता ठरवीत नाही. प्रोग्राममध्ये ते घटककर्ता ठरवितो, आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते.

बंद ठेवण्याचा लाभ हा की आतील रचना पुढे बदलता येते. आज लेबल आहे, उद्या त्याऐवजी चित्र वापरले, तरी रचनाकर्त्याच्या फॉर्मवर परिणाम होत नाही. एकदा आतील घटक उघड केला की त्याचे नाव व प्रकार शेकडो फॉर्मांच्या फाइलींत लिहिले जातात. नंतर नाव बदलल्यास त्या फाइली उघडताना चुका येतात. उघड करणे हा करार आहे, आणि तो एकतर्फी मोडता येत नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून घटककर्त्यासाठी काही क्रम निश्चित करता येतो. रचनाकर्त्यास आतील घटकाचे एखाददुसरेच मूल्य हवे असेल, तर संयुक्त कंट्रोलावरच त्याचा स्वतंत्र गुणधर्म द्यावा. लेबलाचा मजकूर व उंची यांसाठी तेवढे पुरते. अनेक मूल्ये हवी असतील तर उपघटक म्हणून किंवा ‘कंटेंट’ या विशेषणाने तो उघड करावा. आतील भागावर रचनाकर्त्याने स्वतःचे कंट्रोल मांडावेत हाच हेतू असेल, तेव्हाच त्या भागास प्रत्यक्ष निवडयोग्य करावे. तसे करताना जतनाची व्यवस्था प्रथम करावी आणि निवडीची नंतर. तो भाग हलविता, ताणता वा खोडता यावा की नाही, हेही त्याच वेळी ठरवावे.

परीक्षेची रीत साधी आहे. फॉर्मवर संयुक्त कंट्रोलाच्या दोन प्रती ठेवाव्यात, दोहोंच्या आतील घटकांत वेगवेगळे बदल करावेत, फॉर्म जतन करून बंद करावा व पुन्हा उघडावा. एक प्रत खोडून पाहावी, दुसरीची नक्कल करून चिकटवावी. या सर्वांतून बदल जसेच्या तसे टिकले, कोणताही घटक दुणावला नाही आणि नावांचा संघर्ष झाला नाही, तरच घटक रचनाकर्त्याच्या हाती देण्यास योग्य समजावा. पडद्यावर टिचकी लागू पडली एवढ्याने ही परीक्षा पूर्ण होत नाही. रचनाकर्त्याने एक दिवस खपून मांडलेला फॉर्म दुसऱ्या दिवशी तसाच उघडला पाहिजे. घटककर्त्याच्या कामाची खरी कसोटी तीच आहे.